कुंभकोणम्‌चे माधवराव : पुरावा मागणारे दिवाण

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून कधी ना कधी ऐकलेली असते. वकील या माणसाविषयीही आपल्या समाजाचे मत फारसे चांगले नाही. तो काळ्याचे पांढरे करतो, सरळ गोष्टीला फाटे फोडतो, डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरही शंका घेतो आणि वर त्याचे पैसे घेतो, अशी आपली समजूत असते. ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण शंका घेणारा हा माणूस ज्या समाजात नसतो, त्या समाजात सामान्य माणसाचे काय होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो विचार ज्याने आयुष्यभर केला, अशा एका मराठी माणसाचे चरित्र या सुवर्णमहोत्सवी अंकाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे, असे वाटते. गंमत अशी की हा माणूस स्वतः वकील नव्हता. त्याने कधी वकिलीची सनद घेतली नाही की अशिलाची फी घेतली नाही. मात्र वकिलाची दृष्टी त्याने तीन संस्थानांच्या कारभारात उतरविली. ते म्हणजे राजा सर टी. माधवराव, कुंभकोणम्‌चे माधवराव.

कुंभकोणम् हे गाव आपल्याला परके नाही. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले, देवळांच्या गोपुरांनी गजबजलेले, बारा वर्षांनी येणाऱ्या महामहमच्या पर्वणीला लाखो यात्रेकरूंना आपल्या तळ्यावर बोलाविणारे हे गाव. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजीराजे, तंजावरच्या गादीवर बसले आणि त्यांच्यामागे कारकून, फडणीस, सरदार, शास्त्री, कीर्तनकार अशी कितीतरी मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात उतरली. ती परत गेली नाहीत. त्यांची मराठी देशावरच्या मराठीपासून हळूहळू दूर गेली, तिच्यात तमिळ शब्द मिसळले आणि तरीही पुष्कळ जुने शब्द तिने जपून ठेवले. या देशस्थ कुटुंबांपैकी अनेकांनी पुढे इंग्रजी शिक्षण घेतले आणि दक्षिणेतील संस्थानांना एकामागून एक दिवाण पुरविले. माधवरावांच्या नावाआधीचे टी हे अक्षर तंजावरचेच. याच गावचे, पुढच्या पिढीतले व्ही. पी. माधवराव हेही त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे येथे दिवाण झाले. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळदा दोघांची गल्लत होते, म्हणून हा खुलासा.

माधवरावांचा जन्म २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम् येथे झाला. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केलेली होती. घरची भाषा मराठी, गावाची तमिळ आणि दरबाराची मल्याळम्, अशा त्रिवेणीत हा मुलगा वाढला. मद्रासच्या सरकारी हायस्कुलात त्याचे शिक्षण झाले. त्या शाळेचे पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले. तेथे पॉवेल नावाचे गणिताचे व्यासंगी प्राध्यापक होते आणि माधवराव त्यांचे लाडके विद्यार्थी. १८४६ मध्ये शिक्षण पूर्ण होताच काही काळ त्यांनी त्याच शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकविले. नंतर त्यांनी मद्रासच्या महालेखापालांच्या कचेरीत नोकरी धरली.

गणित आणि हिशेब या दोन शिस्तींत ज्याचे तारुण्य गेले, त्याच्या मनाला एक सवय जडते. कोणी काही विधान केले की ते कशावरून, असे विचारल्याशिवाय त्याला राहवत नाही. गणितात सिद्धतेवाचून सुटका नाही आणि हिशेबात पावतीवाचून. न्यायालयात पुराव्यावाचून सुटका नाही, हे त्याच कुळातले तिसरे वचन. माधवरावांनी पहिली दोन वचने शाळेत आणि कचेरीत शिकून घेतली. तिसऱ्याची गाठ पुढे त्रावणकोरात पडावयाची होती.

१८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांना इंग्रजी शिकविण्यासाठी त्यांना त्रिवेंद्रमला बोलाविण्यात आले. त्यांच्या हाताखाली शिकलेले आयिल्यम तिरुनाळ आणि विशाखम तिरुनाळ हे दोघेही पुढे गादीवर आले. चार वर्षांनी शिक्षकाचे पेशकार झाले आणि मुलखाचा कारभार त्यांनी जवळून पाहिला. तो काळ मोठा कठीण होता. खजिना रिकामा होता, नोकरांचे पगार थकलेले होते, तक्रारींचे ढीग साचलेले होते. लॉर्ड डलहौसीच्या धोरणाने एकेक संस्थान गिळले जात होते. १८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि दोन शतकांच्या आसपास टिकलेले तंजावरचे मराठी राज्य नकाशावरून पुसले गेले. त्याच सुमारास त्रावणकोरलाही राज्य खालसा करण्याची धमकी मिळाली. कुंभकोणम्‌च्या माणसाला या धमकीचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको होता.

१८५७ मध्ये दिवाणपदाचा भार त्यांच्याकडे आला आणि १८५८ मध्ये ते कायम दिवाण झाले. वय तीसही पूर्ण झालेले नव्हते. पुढील चौदा वर्षांत त्यांनी जे केले त्याची यादी मोठी आहे. मिरी आणि तंबाखू यांवरील सरकारी मक्ते उठले, कर्ज फिटले, रस्ते आणि कालवे झाले, शाळा उघडल्या. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना मालकीचे हक्क मिळाले आणि १८६७ च्या जाहीरनाम्याने खाजगी जमीनदारांच्या कुळांना मनमानी बेदखलीपासून संरक्षण मिळाले. ज्या राज्याला खालसा करावयाचे होते, त्याला ब्रिटिश सरकारच आदर्श संस्थान म्हणू लागले. १८६६ मध्ये माधवरावांना सर हा किताब मिळाला.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांचे न्यायखात्यातील काम. जुन्या पद्धतीत फिर्याद म्हणजे एक प्रकारची विनवणी असे. दरबाराची मर्जी असली तर दाद लागे, नसली तर लागत नसे. माधवरावांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील दिवाणी आणि फौजदारी कायद्यांचा नमुना पुढे ठेवून न्यायालयांची घडी बसविली, न्यायाधीशांचे पगार वाढविले आणि त्या जागांवर शिकलेली माणसे यावीत असे पाहिले. हा बदल वरवर कारकुनी वाटतो, पण तो तसा नाही. कायदा लेखी झाला की तो वाचता येतो. वाचता आला की त्याचा अर्थ काय, असे विचारता येते. अर्थ विचारता आला की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. मर्जीच्या राज्यात वकिलाला काम नसते, कारण मर्जीला युक्तिवाद लागू पडत नाही. ज्या दिवशी सामान्य कुळाच्या वतीने कोणी एक माणूस उभा राहून सरकारी अधिकाऱ्याला हे कोणत्या कलमाखाली केलेत, असे विचारू शकतो, त्या दिवशी प्रजेचा नागरिक होण्यास सुरुवात होते.

हाच प्रश्न एकदा माधवरावांना स्वतःहून बलाढ्य असलेल्या सत्तेला विचारावा लागला. ती हकीगत सांगण्यासारखी आहे. आलेप्पी बंदरात त्रावणकोर सरकारचा व्यापारी हस्तक म्हणून जॉन लिडेल नावाचा एक युरोपियन गृहस्थ काम पाहत असे. सरकारी पैशांच्या अपहाराचा आरोप त्याच्यावर आला, आणि १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्रावणकोरने त्याच्यावर आपल्याच न्यायालयात खटला भरला. मद्रास सरकारने हरकत घेतली. युरोपियन ब्रिटिश प्रजाजनावर एका एतद्देशीय संस्थानाने खटला चालविणे बेकायदेशीर आहे, असा सल्ला सरकारच्या कायदेपंडितांनी दिला होता. सामान्य दिवाणाने अशा वेळी माफी मागून कैदी सोडून दिला असता.

माधवरावांनी माफी मागितली नाही आणि आवाजही चढविला नाही. त्यांनी फक्त मुद्दे एकाखाली एक मांडले. आपल्या हद्दीत घडलेल्या गुन्ह्याचा न्याय करणे हा राज्याच्या सार्वभौमत्वातच असलेला अधिकार आहे. त्रावणकोर हे आपल्या राजाच्या सत्तेखालील राज्य आहे, म्हणून तो अधिकार त्याच्याकडे मूळचाच आहे. तो अधिकार त्रावणकोरने कोणत्या तहाने सोडून दिला, हे समोरच्या पक्षाने दाखवावे, आणि तसा तह कोणी दाखविलेला नाही. राहता राहिली व्हाइसरॉयची अधिसूचना. पण ब्रिटिश सरकारने आपल्याच अधिकाऱ्यांना दिलेल्या अधिकारांनी दुसऱ्याचा मूळचा अधिकार नाहीसा होत नाही.

या युक्तिवादाचे सगळे बळ तिसऱ्या मुद्द्यात आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. हक्क आमच्याकडे आहे हे आम्ही सिद्ध करीत बसणार नाही, तो आमच्याकडे नाही असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे. पुराव्याचा भार कोणावर, हा कोर्टातला पहिला प्रश्न त्यांनी साम्राज्याच्या दारात नेऊन उभा केला. तोफा त्यांच्याकडे नव्हत्या, फौज नावापुरती होती. होते ते इतकेच, की बलवंताने म्हटले म्हणून एखादी गोष्ट खरी होत नाही, हा विश्वास. मद्रास सरकारला आपली भूमिका बदलावी लागली. पुढे युरोपियन आरोपींसाठी खास युरोपियन मॅजिस्ट्रेट नेमण्याची तडजोड निघाली आणि हा अधिकार बराच आकुंचित झाला, हे खरे आहे. पण जे मिळाले ते शंका घेण्याच्या ताकदीवर मिळाले, हेही तितकेच खरे.

येथे चरित्रकाराने थांबून दुसरी बाजू सांगावयास हवी, नाहीतर तो भाट ठरेल. १८५८–५९ मध्ये दक्षिण त्रावणकोरात शाणार, म्हणजे आजच्या नाडर समाजातील स्त्रियांनी अंगावर वस्त्र घेण्यावरून दंगे उसळले. वरच्या जातींच्या स्त्रियांप्रमाणे छातीवर वस्त्र घेण्याचा त्यांना हक्क नाही, तशी रूढी आहे, असे वरच्या जातींचे म्हणणे होते. दिवाण माधवरावांच्या सरकारने प्रथम जुन्या हुकमांचाच आधार घेतला. मिशनऱ्यांनी आणि मद्रासच्या गव्हर्नरांनी दडपण आणल्यावर २६ जुलै १८५९ रोजी जाहीरनामा निघाला. त्याने शाणार स्त्रियांना अंग झाकण्याची मोकळीक दिली, पण वरच्या जातींच्या स्त्रियांसारख्या पद्धतीने नव्हे, ही अट कायम ठेवली. पुढे ज्या माणसाने साम्राज्याला तुमचा तह दाखवा असे म्हटले, त्याने आपल्या अवतीभवतीच्या रूढीला तुझा पुरावा दाखव, असे म्हटले नाही. शंकेची धार परक्यावर धरणे त्या मानाने सोपे असते. आपल्या माणसांवर, आपल्या घरावर ती धरणे फार कठीण. माधवरावांच्या चरित्रातील ही उणीव झाकण्यात अर्थ नाही, कारण तिच्यातूनच आपल्याला सर्वांत अधिक शिकण्यासारखे आहे.

१८७२ मध्ये महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्याशी बेबनाव होऊन ते त्रावणकोरातून निवृत्त झाले. दरबारने त्यांना दरमहा एक हजार रुपये निवृत्तिवेतन दिले. पुढच्याच वर्षी तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलाविले. तेथे ते दोन वर्षे राहतात न राहतात तोच बडोद्यात असे काही घडले की सगळ्या हिंदुस्थानचे डोळे तिकडे लागले.

बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांना नोव्हेंबर १८७४ मध्ये विषप्रयोग झाल्याची तक्रार आली. ते रोज सकाळी पपनसाचे सरबत घेत. त्या दिवशी पेल्यात सोमल आणि हिऱ्याची पूड सापडल्याचे तपासणीत निघाले. संशय थेट महाराज मल्हारराव गायकवाडांवर गेला. जानेवारी १८७५ मध्ये त्यांना अटक झाली आणि चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ नेमले गेले. तीन इंग्रज : सर रिचर्ड कौच, सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल. तीन हिंदी : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांच्या बाजूने उभे राहण्यासाठी इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित बॅरिस्टर आले.

बॅलंटाइन यांनी काय केले ? मल्हारराव गुणी राजे आहेत, असे त्यांनी दाखविले नाही. ते दाखविणे शक्यही नव्हते. त्यांनी फक्त सरकारपक्षाच्या साक्षीदारांना प्रश्न विचारले. साक्षीदारांपैकी मुख्य होते ते रेसिडेन्सीचे नोकर आणि महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत. हे सर्वजण स्वतःच गुन्ह्यात भागीदार असल्याचे सांगत होते आणि पोलिसांच्या ताब्यात राहून बोलत होते. एका नोकराच्या पट्ट्यात विषाची पुडी इतक्या दिवसांनी आणि इतक्या सोयीने कशी सापडली ? स्वतःचा जीव वाचविण्यासाठी बोलणाऱ्याच्या शब्दावर दुसऱ्याचे राज्य काढून घेता येते काय ? उलटतपासणीत हे प्रश्न उघडे पडले. शेवटी मंडळाचे दोन तट पडले. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, तिघा हिंदी सभासदांना वाटला नाही. सरकारने मल्हाररावांना एप्रिल १८७५ मध्ये पदच्युत केलेच, पण विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाला, असे सरकारला म्हणता आले नाही. गैरकारभार आणि अपात्रता ही कारणे पुढे करावी लागली.

मल्हाररावांच्या राज्यात प्रजेला दाद मिळत नव्हती. रयतेची लूट होत होती, माणसे विनाचौकशी तुरुंगात जात होती. ज्या राजाने आपल्या प्रजेला वकील आणि पुरावा या दोन्ही गोष्टींचा लाभ कधी दिला नाही, त्यालाच संकटाच्या वेळी वकिलाचा आणि पुराव्याच्या नियमाचा आधार घ्यावा लागला. कायद्याचे छत्र आपल्याला नको असेपर्यंत अडचणीचे वाटते. पाऊस आला की त्याची किंमत कळते. आणि ते वाईट माणसावर धरले गेले तरच चांगल्या माणसावर धरले जाईल, याची खात्री राहते. मल्हाररावांना मद्रासला नेऊन ठेवण्यात आले आणि तेथेच १८८२ मध्ये त्यांचा अंत झाला. मद्रास इलाख्यातले माधवराव त्यांच्या बडोद्यात दिवाण म्हणून आले. काळाने केलेली ही अदलाबदल मोठी विलक्षण आहे.

मे १८७५ मध्ये माधवराव बडोद्यात आले तेव्हा राज्य विस्कटलेले होते. सावकार, जवाहिरे, सरदार आणि शिलेदार यांचे दावे दिवाणखान्यात रांग लावून उभे होते. प्रत्येक दाव्याची कागदपत्रे पाहावयाची, खरे तेवढे द्यावयाचे, खोटे ते नाकारावयाचे, हा जुना हिशेबनिसाचा शिरस्ता त्यांनी चालविला. वरिष्ठ न्यायालय, त्याखाली जिल्ह्यांची आणि मुन्सफांची न्यायालये अशी उतरंड त्यांनी उभी केली. महसूल वसूल करणारा आणि न्याय देणारा यांची कामे निराळी असावीत, या दिशेने बडोदे पुढे सयाजीरावांच्या काळात ब्रिटिश हिंदुस्थानच्याही पुढे गेले. त्याचा पाया या वर्षांत घातला गेला. नव्या दिवाणाचे आणि त्यांनी दक्षिणेतून आणलेल्या माणसांचे स्वागत सर्वांनीच केले असे नाही. घरी मराठी बोलणारा हा माणूस बडोद्याच्या मराठी दरबारात मद्रासीच ठरला.

त्याच मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज. अधिकार हाती येण्यापूर्वी, १८८१ मध्ये, माधवरावांनी या तरुण राजाला राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. त्यांचा गाभा थोडक्यात सांगावयाचा तर असा : राजाची इच्छा म्हणजे कायदा नव्हे. प्रजेचे सुख हे राज्याचे प्रयोजन आहे, राजवाड्याचे वैभव नव्हे. न्यायाधीशांच्या निर्णयात राजाने हात घालू नये. कानाशी लागणाऱ्यांचे ऐकून कोणालाही दोषी ठरवू नये. दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि मग ठरवावे. मल्हाररावांच्या रिकाम्या गादीच्या छायेत उच्चारलेले हे शब्द त्या मुलाच्या मनावर किती खोल उमटले, याची साक्ष बडोद्याच्या पुढील साठ वर्षांच्या इतिहासाने दिली. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले आणि १८८२ मध्ये माधवराव बडोदे सोडून मद्रासला परतले. त्यांना राजा हा किताब १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी मिळालेला होता.

उरलेली वर्षे त्यांनी मद्रासच्या मैलापुरात घालविली. टोपणनावाने वर्तमानपत्रांत ते लिहीत आणि समाजाच्या चालीरीतींवर शंका काढीत. मलबारातील जमीनधारणेची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. डिसेंबर १८८७ मध्ये काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले तेव्हा स्वागतसमितीचे ते अध्यक्ष होते आणि अधिवेशनाचे अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी. त्याच वेळी तेथे राष्ट्रीय सामाजिक परिषदेचा जन्म झाला. तिच्या मागे दोन मराठी माणसे होती : महादेव गोविंद रानडे आणि कुंभकोणम्‌चेच दिवाण बहादुर रघुनाथराव. रघुनाथराव म्हणजे व्यंकटरावांचे चिरंजीव, माधवरावांचे चुलतबंधू आणि इंदूरच्या दिवाणगिरीत त्यांच्या मागून आलेले. विधवाविवाहाला शास्त्राची बंदी आहे, असे म्हणणाऱ्यांना ती बंदी ग्रंथात दाखवा, असा प्रश्न रघुनाथरावांनी शास्त्रग्रंथ हातात घेऊन विचारला. थोरल्या भावाने जो प्रश्न राजसत्तेला विचारला, तो धाकट्याने घराच्या उंबरठ्याच्या आत आणला.

जानेवारी १८९१ मध्ये त्रावणकोरात दहा हजारांहून अधिक लोकांच्या सह्यांचा एक अर्ज महाराजांना सादर झाला. राज्यातील मोठ्या जागा परप्रांतीयांना, विशेषतः परदेशी ब्राह्मणांना मिळतात आणि इथल्या शिकलेल्या माणसांना डावलले जाते, अशी त्यात तक्रार होती. हे परप्रांतीय म्हणजे तमिळ आणि तंजावरचे मराठी. माधवरावांच्या घराण्याला मिळालेल्या मानाबद्दल विचारलेला तो रोखठोक प्रश्न होता. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ एप्रिल १८९१ रोजी, माधवरावांचे निधन झाले. त्रिवेंद्रमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे आणि त्या चौकाला लोक आजही नुसते स्टॅच्यू म्हणतात. खाली कोण उभा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

माधवरावांची गोष्ट येथे संपते, पण त्यांच्याकडून राहून गेलेल्या प्रश्नाची संपत नाही. ज्या सयाजीरावांना त्यांनी घडविले, त्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये एक तरुण अमेरिकेला शिकावयास गेला आणि पुढे लंडनहून बॅरिस्टर होऊन आला. ते डॉ. भीमराव आंबेडकर. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला तेव्हा तळ्यावर आपला मालकीहक्क आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची जुनी रूढी आहे, असे सांगत स्पृश्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा दाखल झाला. बॅरिस्टरांनी तो दावा न्यायालयात लढविला. ही रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, हे कोणी आणि कसे सिद्ध केले, एवढाच अखेरीस प्रश्न उरला. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये निकाल दिला : तशी रूढी सिद्ध झालेली नाही. १८५९ मध्ये त्रावणकोरात जो प्रश्न विचारला गेला नाही, तो अठ्ठ्याहत्तर वर्षांनी विचारला गेला आणि रूढीला उत्तर देता आले नाही. शंका घेणारा वकील समाजाला काय देतो, याचे याहून मोठे उदाहरण शोधावयास नको.

आता आपल्यापुरते. आपण सारे घरापासून दूर राहणारी माणसे आहोत. तीनशे वर्षांपूर्वी आलेल्यांचे वंशज आणि तीस वर्षांपूर्वी बँकेच्या, रेल्वेच्या किंवा कारखान्याच्या बदलीवर आलेले, असे दोघेही या मंडळात एकाच पंगतीला बसतात. दूर राहणाऱ्याच्या मागे गोत नसते, गाव नसते, ओळखीचा पाटील नसतो. त्याचे रक्षण करतो तो लेखी नियम आणि तो नियम सर्वांना सारखा लावा असे म्हणणारा कोणीतरी. म्हणून वकिली वृत्तीची गरज आपल्याला इतरांहून अधिक आहे. पण त्या वृत्तीची दुसरी धारही आपण पत्करली पाहिजे. त्रावणकोरच्या अर्जदारांप्रमाणे ज्या भूमीने आपल्याला आसरा दिला, तिची माणसे आपल्याला प्रश्न विचारतील. आपली मुले आपल्या रूढींना, व्रतांना आणि अभिमानांना हे कशावरून, असे विचारतील. त्या वेळी त्यांना गप्प बसविणे हे माधवरावांच्या वारशाला शोभणार नाही.

पन्नास वर्षे एखादे मंडळ टिकते ते केवळ गणेशोत्सवाच्या आरत्यांवर नव्हे. दरवर्षी सभेपुढे जमाखर्च ठेवावा लागतो, आणि दरवर्षी कोणी एक सभासद उठून एखाद्या खर्चाची पावती मागतो. कार्यकारिणीला तो थोडा त्रासदायक वाटतो. कुंभकोणम्‌च्या माधवरावांना मात्र तो आपल्याच माणसासारखा वाटला असता.